कुरुंद्याचा वाचक

नरहर अंबादास कुरुंदकर यांची ओळख विचारवंत, वक्ते, समीक्षक आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य अशी करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण तिच्यात क्रम उलटा लागतो. कुरुंदकर आधी वाचक होते आणि बाकीचे सगळे त्यातून झाले. त्यांच्या लेखनाचा मोठा भाग म्हणजे हातात पडलेल्या एखाद्या पुस्तकाला दिलेले उत्तर आहे. कधी ते उत्तर प्रस्तावनेच्या रूपात येते, कधी परीक्षणाच्या, कधी लेखकाला लिहिलेल्या लांबलचक पत्राच्या, तर कधी पुस्तकाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाच्या. आणि ही पुस्तके एका जातकुळीची नाहीत. मनुस्मृती आणि भरताचे नाट्यशास्त्र, केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌सची समीक्षा, रणजित देसाई यांची कादंबरी, विजय तेंडुलकरांचे नाटक, गोपाळ गोडसे यांचे आत्मसमर्थन, महाभारत, हैदराबादच्या मुक्तिलढ्याचा इतिहास, अशी ती रांग आहे. एका माणसाने इतक्या वेगवेगळ्या ग्रंथांवर ठाम मते द्यावीत आणि चार-पाच दशकांनंतरही लोकांनी त्या मतांवर वाद घालावा, हे मराठीत फारसे घडलेले नाही.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. घराण्याचे गाव कुरुंदा, वसमत तालुक्यातले. गावाजवळ टोकाईचा डोंगर आहे आणि पलीकडे औंढा नागनाथाचे ज्योतिर्लिंग. आज हा मुलूख हिंगोली जिल्ह्यात येतो, पण तो जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. कुरुंदकरांच्या हयातीत कुरुंदा परभणी जिल्ह्यात होते आणि त्यांच्या बालपणी तर ते निजामाच्या राज्यात होते. या तपशिलाला त्यांच्या वाचनाच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. सभा-संमेलनाला सरकारी परवानगी लागे. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमाने साधे व्याख्यान ठरवणेही कठीण करून ठेवले होते. अशा राज्यात मराठी वाचनालय चालवणे, गणेशोत्सवात एखाद्या ग्रंथावर बोलणे, पुण्या-मुंबईहून आलेले मासिक चार घरांत फिरवणे ही राजकीय कामेच ठरत. मराठवाड्यातील वाचनालयांच्या चळवळीतून पुढे स्वातंत्र्यलढ्याचे कार्यकर्ते निघाले, त्यामागचे कारण हे आहे. पुस्तक वाचणे आणि त्यावर चारचौघांत मत देणे याला तिथे किंमत मोजावी लागत होती. साहजिकच ते मत गांभीर्यानेही घेतले जाई.

वसमतच्या शाळेनंतर कुरुंदकर शिकायला हैदराबादला गेले आणि मामांच्या सहवासात राहिले. हे मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक. मुक्तेश्वर आणि मोरोपंत या दोन कवींच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणारा त्यांचा ‘मुक्त-मयूरांची भारते’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. घरात ग्रंथ, ग्रंथांवर चर्चा आणि भोवती संस्थानातील चळवळ, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. अभ्यासक्रमातली पुस्तके मात्र त्याने मनावर घेतली नाहीत. इंटरच्या परीक्षेत कुरुंदकर पुन्हा पुन्हा नापास झाले, पदव्या उशिरा मिळाल्या. मराठवाड्यात ही गोष्ट आजही कौतुकाने सांगितली जाते आणि तिच्यावर थोडी कल्हईही चढली आहे. नापास होणे हा काही विद्वत्तेचा पुरावा नव्हे. त्यातून एवढेच कळते की परीक्षेच्या आखणीबाहेरचे वाचन त्या वयातच त्यांच्यावर स्वार झाले होते.

पुढे नांदेडला प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि शेवटी तिथेच प्राचार्य, असा त्यांचा नोकरीचा प्रवास झाला. पीपल्स कॉलेज १९५० साली सुरू झाले. त्यामागे हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची शिक्षणदृष्टी होती. विद्यार्थी आणि गावकरी कुरुंदकरांना ‘गुरुजी’ म्हणत. पुणे-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर, गोदाकाठच्या एका गावात बसून हा शिक्षक महाराष्ट्रभर बोलावला जाऊ लागला, तो त्याच्या मतांमुळे.

आरंभीच्या काळातील त्यांचे एक पुस्तक ‘रिचर्ड्‌सची कलामीमांसा’ हे आहे. नांदेडच्या एका मास्तराने केंब्रिजच्या समीक्षकावर पुस्तक लिहावे यात धाडस होते, पण निवड नेमकी होती. रिचर्ड्‌स यांनी १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या हाती कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांची मते लेखी मागवली. मोठ्या कवींना नावे ठेवली गेली, सुमार पद्यांची वाहवा झाली. या मतांची चिरफाड करणारा त्यांचा ग्रंथ १९२९ साली आला. वाचकाचे मत कशातून बनते, त्यात ऐकीव कीर्तीचा वाटा किती, भावुकतेचा किती, तयार साच्यांचा किती, हे त्याने उघडे केले. ज्याला आयुष्यभर पुस्तकांवर मते द्यायची आहेत त्याने आधी मत देण्याच्या क्रियेचीच परीक्षा करावी, हे योग्यच झाले. कुरुंदकरांच्या पुढील लेखनात लेखकाच्या नावाचे दडपण जवळजवळ दिसत नाही. त्याचे बीज या अभ्यासात शोधता येते.

सर्वसामान्य मराठी घरात कुरुंदकर पोचले ते मात्र एका कादंबरीच्या पाठीवर बसून. रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ १९६८ साली प्रसिद्ध झाली. ‘स्वामी’च्या यशानंतर देसाई शिवचरित्राकडे वळले होते आणि त्या निमित्ताने त्यांचा कुरुंदकरांशी पत्रव्यवहार झाला. शिवाजी महाराजांच्या चरित्राकडे कसे पाहावे, यावर कुरुंदकरांनी एक प्रदीर्घ पत्र लिहिले. तेच कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडले गेले. कादंबरी वाचलेल्या असंख्यांनी ती प्रस्तावना आधी ओलांडली असेल, पण जे तिथे थांबले त्यांच्या मनातला शिवाजी बदलला. मराठीत मूळ पुस्तकाइतकीच गाजलेली अशी दुसरी प्रस्तावना सापडणे अवघड आहे.

त्या पत्रातील मुद्दा थोडक्यात असा. अफजलखान, शाहिस्तेखान, आग्रा हे प्रसंग थरारक आहेत, पण शिवाजीचे मोठेपण त्यांत संपत नाही. पराक्रमी राजे भारतात पुष्कळ झाले. त्यांच्यातले बहुतेक एका निर्णायक पराभवानंतर किंवा स्वतःच्या मृत्यूनंतर राज्यासह संपले. देवगिरी आणि विजयनगर ही उदाहरणे डोळ्यांपुढे आणली की हे लगेच पटते. शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले. त्यानंतर औरंगजेब प्रचंड फौज घेऊन दक्षिणेत उतरला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी राजधानी रायगड पडली, बाल शाहू कैदेत गेला. राजाराम जिंजीला गेले आणि १७०० साली तेही वारले. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही, तरी लढाई चालूच राहिली, आणि १७०७ साली औरंगजेबालाच दक्षिणेत देह ठेवावा लागला. राज्यकर्त्यांखेरीज लढणारी ही रयत कुठून आली? कुरुंदकर शिवाजीचे वेगळेपण या प्रश्नात शोधतात. त्याचे उत्तर त्यांना तलवारीपेक्षा महसूलव्यवस्थेत, वतनदारांना घातलेल्या आळ्यात, शेतकऱ्याला मिळालेल्या सुरक्षिततेत आणि हे राज्य आपले आहे या जाणिवेत सापडते.

या मताची ताकद त्याच्या साधेपणात आहे. त्यासाठी कुठले नवे कागद सापडावे लागले नाहीत. सगळ्यांना ठाऊक असलेल्या सनावळीकडे उलट बाजूने, म्हणजे मृत्यूनंतरच्या घटनांपासून मागे, पाहिले की झाले. शिवाय पुराव्यांविषयीचा सावधपणा पत्रात आहे. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर, १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली. इतर बखरी तर फार नंतरच्या. फारसी, इंग्रजी, पोर्तुगीज कागदांचे हेतू वेगळे. कादंबरीकाराने यांतून काय घ्यावे, कुठे कल्पनेला मोकळीक द्यावी आणि कुठे नाही, याची चर्चा कुरुंदकर करतात. गंमत अशी की ज्या कादंबरीला हे पत्र जोडले आहे, ती स्वतः बरीचशी प्रसंगांच्या आणि भावनांच्या वाटेने जाते. प्रस्तावनेत राज्य उभारणारा शिवाजी भेटतो, तर कादंबरीत मुख्यतः घरातला आणि मनातला. दोन्ही एका बांधणीत राहू शकले, याचे श्रेय देसाईंच्या मोकळेपणालाही दिले पाहिजे.

मनुस्मृतीचे प्रकरण याहून काटेरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तेव्हापासून महाराष्ट्रात या ग्रंथाविषयीचे मत बहुधा माणसाच्या बाजूवरून ठरते. ग्रंथ उघडण्याची गरज कुणालाच वाटत नाही. कुरुंदकरांनी तो उघडला, बारा अध्याय आणि सुमारे २,७०० श्लोक. या विषयावरची त्यांची मांडणी ‘मनुस्मृती : काही विचार’ या नावाने त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. आपली बाजू त्यांनी लपवलेली नाही. मनुस्मृतीचे दहन योग्य मानणाऱ्यांत ते स्वतःला उभे करतात. पण विरोधक म्हणून ग्रंथ न वाचण्याची सवलत ते घेत नाहीत, आणि समर्थकांचे म्हणणे दुबळे करूनही मांडत नाहीत.

समर्थकांचे युक्तिवाद नेहमीचे आहेत. स्त्रियांचा सन्मान सांगणारा श्लोक पुढे केला जातो. जाचक श्लोक प्रक्षिप्त आहेत, म्हणजे मागाहून घुसडले आहेत, असे सांगितले जाते. त्या काळी जगात सगळीकडेच विषमता होती, हेही बजावले जाते. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहेच, प्राचीन काळी समतेचा कायदा कुठेच नव्हता. पण वाद प्राचीन काळाचा नसून आजच्या पूज्यभावाचा आहे. जुना कायदा म्हणून एखादा ग्रंथ अभ्यासणे वेगळे आणि त्याला धर्माचा आधार मानणे वेगळे. प्रक्षिप्ताचा युक्तिवादही फार दूर जात नाही. ज्या शतकांत हा ग्रंथ प्रमाण मानला गेला त्या शतकांत तो अख्खाच प्रमाण होता. मेधातिथी किंवा कुल्लूक या टीकाकारांसमोर आजच्यासारखी निवडक आवृत्ती नव्हती. कुरुंदकरांच्या मांडणीचा रोख असा आहे, आणि तिचा कडवटपणा शिवीगाळीतून येत नाही, तपशिलातून येतो. ग्रंथाच्या बाजूने जे जे म्हणता येईल ते सगळे ऐकून घेतल्यानंतर दिलेला नकार अधिक जड असतो.

तीच पद्धत ‘शिवरात्र’ या १९७० च्या संग्रहात दिसते. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप भोगून सुटलेले गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ हे पुस्तक १९६७ साली आले. डिसेंबर १९६७ मध्ये सरकारने ते जप्त केले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट १९६९ मध्ये ती बंदी रद्द केली. अशा पुस्तकाबाबत दोन सोप्या वाटा असतात, एक त्याच्यावर तुटून पडण्याची आणि दुसरी त्याचे नावही न घेण्याची. कुरुंदकरांनी त्याच नावाचा लेख लिहून पुस्तकाची छाननी केली. महात्मा गांधी, गोळवलकर गुरुजी आणि हिंदुत्ववादाविषयीच्या त्यांच्या या काळातील लेखांतून एक विचार पुढे येतो. गांधी हिंदूंचे नेते नव्हते, असे हिंदुत्ववादी सांगतात. निवडणुकांचे निकाल नेमके उलटे बोलतात. १९४५-४६ च्या निवडणुकांत मुस्लिम मतदारसंघांनी लीगला प्रचंड कौल दिला आणि हिंदू मतदारांनी काँग्रेसला. हिंदू महासभेचा धुव्वा उडाला. म्हणजे हिंदूंनी नेता म्हणून गांधींनाच स्वीकारले होते, आणि हिंदूंचे पुढारीपण सांगणाऱ्यांना हिंदूंनीच नाकारले होते. द्वेषाचे एक मूळ या नाकारले जाण्यात आहे. हा तर्क गांधीवाद्यांनाही पूर्ण रुचणारा नव्हता, कारण मुसलमानांनी गांधींना नेता मानले होते या त्यांच्या समजुतीलाही तो धक्का देत होता.

मुस्लिम राजकारणाविषयीही कुरुंदकर असेच बोलले. हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मोजक्या मराठी लेखकांत कुरुंदकर होते. निजामी राजवट आणि रझाकारांचा काळ पाहिलेल्या माणसाला धर्माधारित राजकारण पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. त्याच अनुभवातून आलेले दुसरे टोक, म्हणजे सूडाची भाषा, त्यांनी स्वीकारले नाही. समाजवाद्यांना ते इस्लामवर फार कठोर वाटले आणि हिंदुत्ववाद्यांना फार गांधीवादी. दोन्ही तक्रारी एकाच लेखकाविषयी होऊ शकतात, हे त्या लेखकाचे बलस्थान मानायला हवे.

हैदराबादविषयीचे त्यांचे लेखन या संदर्भात पाहावे लागते. ‘हैद्राबाद : विमोचन आणि विसर्जन’ या नावातच दोन टप्पे आहेत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले हा पहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाचे तीन भाषिक तुकडे होऊन ते नकाशावरून पुसले गेले हा दुसरा. मराठवाड्यात आज मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो तो पहिल्या टप्प्याचा, पण स्वामी रामानंद तीर्थांच्या विचारात दुसराही तितकाच आवश्यक होता. निजाम जाऊन निजामाचे राज्य तसेच राहिले असते तर लढा अपुरा राहिला असता. कुरुंदकर हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा सांगत नाहीत. सरंजामशाही आणि लोकशाही यांच्यातील झगडा म्हणून ते तो मांडतात, आणि तसे करताना त्यातला धार्मिक भाग झाकूनही ठेवत नाहीत. वसमत, कळमनुरी, हिंगोलीकडच्या ज्या घरांत या लढ्याच्या आठवणी आहेत, तिथे हे पुस्तक वाचले जाणे अगत्याचे आहे.

ललित साहित्याकडे कुरुंदकर वळतात तेव्हा स्वर थोडा सैलावतो. ‘धार आणि काठ’ हे १९७१ चे पुस्तक मराठी कादंबरीविषयी आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) सुरू झालेल्या प्रवाहाचा हा एका वाचकाने घेतलेला मागोवा आहे. वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकात शोभेल अशी समान वाटणी तिथे नाही. आवडलेल्या लेखकापाशी लेखक रेंगाळतो, इतरांना चार ओळींत निरोप देतो. विद्यार्थ्याला याचा त्रास होतो, कारण परीक्षेला सगळ्यांवर सारखे प्रश्न येतात. वाचकाला मात्र ते वाचताना सोबत मिळते.

विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली कमलाकर सारंग यांनी रंगभूमीवर आणले. निळू फुले आणि लालन सारंग यांच्या भूमिका होत्या. सेन्सॉरने कात्री चालवली, निदर्शने झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या नाटकाच्या पुस्तकाला प्रस्तावना कुरुंदकरांची आहे. चार वर्षांपूर्वी शिवचरित्रावरील कादंबरीला प्रस्तावना लिहिणाऱ्या हाताने ही दुसरी लिहावी, यात त्या काळच्या अनेकांना विसंगती दिसली असेल. खुद्द कुरुंदकरांच्या लेखी विषयाची पवित्रता आणि विषयाची शिसारी या दोन्ही गोष्टी मत बनवण्याच्या कामी सारख्याच निरुपयोगी होत्या. नाटक हा तर त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. भरताच्या नाट्यशास्त्रावर त्यांनी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. ‘रंगशाळा’ आणि ‘रंगविमर्श’ ही पुस्तके त्या अभ्यासातून उतरली. संस्कृत ग्रंथावर बोलताना आजचा रंगमंच आणि आजच्या नाटकावर बोलताना भरत, अशी त्यांची ये-जा चालू असे.

महाभारत हा घरातून आलेला वारसा. साठच्या दशकात या ग्रंथाने मराठी वाचकांना पुन्हा झपाटले होते. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२ चे, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ १९६७ चे. ‘युगान्त’ला लगोलग साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातील काही तर्कांवरून, विशेषतः विदुर आणि धर्मराज यांच्या नात्याविषयीच्या तर्कावरून, खडाजंगी झाली. कुरुंदकरांचे महाभारतविषयक लेख ‘व्यासांचे शिल्प’ या पुस्तकात एकत्र आले आहेत आणि ते या साऱ्या चर्चेच्या पार्श्वभूमीवर वाचावेत असे आहेत.

या सगळ्या वाचनात समान काय आहे, हे त्यांच्या लेखांची बांधणी पाहिली की ध्यानात येते. सुरुवातीला ते पुस्तकाचा किंवा प्रतिपक्षाचा दावा सांगतात, बहुधा खुद्द लेखकाने सांगितला असेल त्याहून नीट. मग त्या दाव्यात मान्य करण्याजोगे काय आहे ते मोजून देतात. त्यानंतर एखादा साधा, सर्वांना ठाऊक असलेला तपशील उचलतात आणि तो या दाव्यात कुठे बसतो असे विचारतात. तिथे गाठ सुटते. वाक्ये छोटी, बोलण्याच्या लयीतली. पारिभाषिक शब्द आला तर त्याची लगेच फोड. वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलालाही समजले पाहिजे, ही शिक्षकाची अट लेखनात उतरलेली आहे. मुख्य म्हणजे मत कोणत्या पायऱ्यांनी तयार झाले ते उघड असल्याने, कुठली पायरी आपल्याला मान्य नाही हे वाचकाला बोट ठेवून सांगता येते. कुरुंदकरांशी मतभेद होणे सोपे आहे आणि ही त्यांनीच करून दिलेली सोय आहे. आवडले-नावडले एवढेच सांगणाऱ्या अभिप्रायाशी भांडताही येत नाही.

उणिवाही याच गुणांच्या पोटात आहेत. बरेच लेखन मुळात व्याख्यान असल्याने पुनरुक्ती आहे. संदर्भटिपा क्वचितच भेटतात, त्यामुळे एखादे विधान तपासायचे तर वाचकाला स्वतः ग्रंथालय गाठावे लागते. स्मरणशक्ती दांडगी होती, पण स्मरणावर विसंबलेल्या लेखनात तपशिलाची चूक राहू शकते. शतकांच्या इतिहासाला दोन-तीन वाक्यांत गुंडाळणारी विधाने सभागृहात टाळ्या घेतात आणि छापील पानावर मात्र थोडी घाईची वाटतात. त्यांच्या चाहत्यांनी हे दोष झाकण्यात बरीच शक्ती खर्च केली आहे. ज्याने आयुष्यभर कुठल्याही ग्रंथाला प्रश्नांपलीकडचे मानले नाही, त्याच्याच पुस्तकांना तसे मानणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला एका कार्यक्रमात व्यासपीठावरच हृदयविकाराच्या झटक्याने कुरुंदकर गेले. वय ४९. अनेक पुस्तके त्यानंतर, विखुरलेले लेख आणि व्याख्याने गोळा करून निघाली. आज त्यांतील बरीच पुस्तके मराठी विकिस्रोतावर विनामूल्य वाचता येतात, म्हणजे सेनगावच्या किंवा औंढ्याच्या विद्यार्थ्याला मोबाइलवरही ती उघडता येतील. नव्या वाचकाने ‘श्रीमान योगी’च्या प्रस्तावनेपासून सुरुवात करावी आणि मग ‘शिवरात्र’ घ्यावे. समीक्षेची पुस्तके नंतर. मनुस्मृतीवरचे पुस्तक मात्र शेजारी मूळ ग्रंथाचा एखादा मराठी अनुवाद ठेवूनच वाचावे.